अल्लाहबंद काय सांगतो? भूकंपाचा धोका आणि आपले कारखाने

भूकंप अमुक तारखेला होईल असे सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ते ज्ञान आजही कुणाकडे नाही. मात्र कोणत्या मुलखात किती मोठा धक्का बसू शकतो, याचा अंदाज बांधता येतो. दुकान, कारखाना किंवा गोदाम उभारणाऱ्याने तो कसा बांधतात हे समजून घ्यावे.

कच्छचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी कच्छी मेमन बिरादरी याच मुलखातून आली. १६ जून १८१९ रोजी तेथे प्रचंड भूकंप झाला. रणातील सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला आणि त्याच्या उत्तरेस सपाट जमिनीतून सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. काही ठिकाणी त्याची उंची ६ मीटरपर्यंत होती. माणसाच्या हाताने न बांधलेला, म्हणून लोकांनी त्याला 'अल्लाहबंद' नाव दिले.

जमिनीखालच्या खडकात चीर पडून दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, तिला भ्रंश म्हणतात. या बाजू घर्षणाने अडकून राहतात आणि ताण थकलेल्या उधारीसारखा साठत जातो. एके दिवशी खडक एकदम सरकतो व सारी उधारी एका झटक्यात वसूल होते. तोच भूकंप.

सर्वच भ्रंश सारखे धोक्याचे नसतात. कोट्यवधी वर्षे न हललेल्या भ्रंशापेक्षा गेल्या काही हजार वर्षांत सरकलेला भ्रंश पुन्हा सरकण्याचा संभव अधिक. म्हणून शास्त्रज्ञ अशा 'तरुण' भ्रंशांच्या खुणा शोधतात : एकाएकी वळलेली नदी, सपाटीवरची सरळ कड, तुटलेले ताज्या गाळाचे थर. मग भ्रंशाला आडवा चर खणतात. खालचे थर तुटलेले आणि वरचे अखंड असतील, तर भूकंप त्या दोहोंच्या मधल्या काळात झाला. थरांचे वय त्यातील कोळशाच्या कणांवरून किंवा वाळूवर शेवटचे ऊन कधी पडले यावरून काढतात.

पुढे साधा हिशेब. समजा, भ्रंशावर वर्षाला १ मिलिमीटर सरक साठते आणि प्रत्येक मोठ्या भूकंपात ३ मीटर सरक होते. म्हणजे दोन भूकंपांत सरासरी ३,००० वर्षांचे अंतर. ही सरासरी आहे, वायदा नव्हे. भ्रंश जितका लांब, तितका मोठा भूकंप शक्य.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. २६ जानेवारी २००१ रोजी, जुम्याच्या सकाळी, कच्छ हादरले. तीव्रता ७.७ होती, तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. पण तो भ्रंश फुटून जमिनीवर आलाच नाही. आपल्या किल्लारीचा परिसरही ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत सुरक्षित समजला जात होता. म्हणून नकाशावर भ्रंश नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

कारागिराचे नुकसान भिंती पडून थांबत नाही. धमडका गाव अजरख छपाई करणाऱ्या खत्री कारागिरांचे. २००१ मध्ये घरे तर गेलीच, शिवाय विहिरींच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंगकामाला ते पाणी चालेना. अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. जागा निवडताना पाणीसुद्धा का पाहावे लागते, ते यातून कळते.

तेव्हा बांधकामापूर्वी आपला भाग कोणत्या भूकंपक्षेत्रात येतो, ते अभियंत्याला विचारा. भारतीय मानकांच्या २००२ च्या नकाशात कच्छ पाचव्या म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या, तर मुंबई तिसऱ्या क्षेत्रात होती. खांब आणि तुळयांच्या सांध्यांतील लोखंडात काटकसर करू नका. तळमजला दुकानांसाठी मोकळा ठेवताना खांब मजबूत घ्या. जड माल खालच्या फळीवर ठेवा, उंच कपाटे भिंतीला जखडा. हिशेबाच्या वह्यांची एक प्रत दुसऱ्या जागी असू द्या. विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत; ज्यांनी तो घेतला आहे त्यांनी त्यात भूकंपाचे नुकसान धरले आहे की नाही, हे वाचून पाहावे.

तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच आपल्याला शिकवण आहे.