विजेची वाट – लेखांक ८ : पिरेनीजच्या पोटातून गेलेली वीज

अतिउच्चदाब वाहिनीचे मनोरे इतके उंच का असतात आणि तारांखालची पट्टी मोकळी का ठेवावी लागते, हे मागच्या लेखांकात पाहिले. ती पट्टी कोणाच्या तरी शेतातून किंवा वस्तीच्या कडेने जाते, म्हणून विरोध होतो. गावकरी म्हणतात, वाहिनी जमिनीखालून न्या. वीज कंपनी म्हणते, ते परवडणार नाही. या दोन्ही बाजूंचा कस फ्रान्स-स्पेन सीमेवर लागला आहे. भूमिगत वाहिनी सगळीकडे योग्य नसते. पण जिथे वाहिनी अटळ आहे आणि विरोध खोलवर रुजलेला आहे तिथे ती खर्चिक असूनही शहाणपणाची ठरते, असे तिथला अनुभव सांगतो. कारण अडून राहिलेल्या वाहिनीची किंमतही समाजच मोजत असतो, फक्त ती अंदाजपत्रकात दिसत नाही.

स्पेन आणि पोर्तुगाल युरोपच्या वीजजाळ्याला प्रामुख्याने पिरेनीज पर्वत ओलांडूनच जोडता येतात. १९८२ नंतर कित्येक वर्षे या पर्वतावरून एकही नवी जोडणी होऊ शकली नाही. मध्य पिरेनीजमधून आखलेली वाहिनी स्थानिकांच्या विरोधामुळे फ्रान्सच्या सरकारने १९९६ मध्ये रद्द केली. मग पूर्वेकडचा, कॅटलोनियातून जाणारा मार्ग पुढे आला. तिथे सीमेच्या दोन्ही अंगांची गावे एकवटली. त्यांच्या खिंडीतून महामार्ग आधीच गेला होता, वेगवान रेल्वेही येत होती. त्यात आणखी मनोऱ्यांची रांग त्यांना नको होती. ही कोंडी फोडण्यासाठी युरोपीय आयोगाने २००७ मध्ये मारिओ मोंती यांना समन्वयक नेमले. दोन्ही बाजूंशी बोलून त्यांनी २००८ मध्ये शिफारस केली की सीमा ओलांडणारी वाहिनी पूर्णपणे जमिनीखालून आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची असावी. फ्रान्समधील बैशास ते स्पेनमधील सांता योगाया ही ६४.५ किलोमीटरची, २,००० मेगावॉट क्षमतेची वाहिनी २०१५ मध्ये सुरू झाली. पर्वताखालून ती साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. दोन देशांमधली वीज देवाणघेवाणीची क्षमता तिच्यामुळे १,४०० वरून २,८०० मेगावॉटवर गेली.

डीसीचा आग्रह तांत्रिक कारणाने होता. आपल्या घरात येणारा एसी प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो. केबलमधली तार आणि तिच्याभोवतालचे आवरण यांच्यात अगदी थोडे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक उलटफेरीत केबल विद्युतभाराने भरावी आणि रिती करावी लागते. केबल जितकी लांब, तितका त्यातच खर्ची पडणारा प्रवाह जास्त. काही डझन किलोमीटरनंतर उपयोगी विजेसाठी जागाच अपुरी पडू लागते. उघड्या तारांभोवती मोकळी हवा असल्याने तिथे ही अडचण फार कमी असते. डीसीमध्ये केबल एकदा भारित झाली की प्रश्न मिटतो, पण दोन्ही टोकांना एसी-डीसी रूपांतराची मोठी केंद्रे बांधावी लागतात. म्हणून ‘सगळ्या तारा पुरा’ ही मागणी जशीच्या तशी मान्य करता येत नाही.

पहिला आक्षेप अर्थातच पैशांचा. या प्रकल्पाला सुमारे ७० कोटी युरो लागले, म्हणजे रूपांतर केंद्रे धरून किलोमीटरमागे एक कोटी युरोंहून अधिक. मनोऱ्यांवरची वाहिनी याच्या कितीतरी कमी पैशांत झाली असती. पण ही तुलना तेव्हाच खरी, जेव्हा ती वाहिनी खरोखर उभी राहिली असती. ती राहत नव्हती. दरम्यान स्वस्त वीज सीमेपलीकडे अडून राही आणि संकटात शेजाऱ्याची मदतही तुटपुंजी पडे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा जाळे पुन्हा उभे करताना फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आलेल्या विजेचा आधार घ्यावा लागला. अशा जोडणीला लागलेला उशीर फुकट नसतो.

दुसरा आक्षेप दुरुस्तीचा, आणि तो रास्त आहे. मनोऱ्यावरचा बिघाड डोळ्यांना दिसतो आणि बहुधा काही तासांत किंवा दिवसांत निघतो. पुरलेल्या केबलचा बिघाड शोधून, खणून, सांधा जोडायला आठवडे लागू शकतात. मात्र वादळ, बर्फ आणि झाडे यांमुळे होणारे बिघाड केबलला जवळजवळ शिवत नाहीत. जमिनीचेही तसेच. चर खणताना मातीचे थर बिघडतात आणि केबलवर खोल मुळांची झाडे लावता येत नाहीत, पण भरणी नीट झाली तर बहुतेक पिके पुन्हा घेता येतात. आरोग्याच्या भीतीवर मात्र भूमिगत वाहिनीची बाजू उभी करू नये. एसी केबलच्या अगदी वर चुंबकीय क्षेत्र तारांखालच्यापेक्षा जास्तही असू शकते, फक्त ते बाजूला लवकर विरते. विरोधकांची बाजू जमीन, निसर्ग आणि न्याय यांवर पुरेशी भक्कम आहे.

तिसरा आक्षेप असा की एका गावाला केबल दिली की सगळेच मागतील. कॅटलोनियात हे घडलेही. सीमेवरचा टप्पा जमिनीखाली गेला, पण स्पेनच्या आतली ४०० किलोव्होल्टची वाहिनी मनोऱ्यांवरच राहिली आणि जिरोना प्रांतातला रोष शमला नाही. याचा अर्थ केबल देणे चुकले असा होत नाही. कुठे द्यायची याचा निकष आधी जाहीर हवा, असा होतो. भूमिगत डीसीचे हे तंत्र आपल्याकडेही आले आहे. तमिळनाडूतील पुगलूर ते त्रिशूर ही २,००० मेगावॉटची डीसी वाहिनी तमिळनाडूत मनोऱ्यांवरून येते आणि केरळच्या दाट वस्तीच्या टप्प्यात जमिनीखाली जाते. मुंबईसाठीची कुडूस-आरे वाहिनीही सुमारे ३० किलोमीटर मनोऱ्यांवर आणि ५० किलोमीटर केबलने अशीच आखली गेली. म्हणजे महानगरासाठी केबल सुचते. बागायती शेतासाठी तिचा विचार तरी होतो का?

इथे प्रश्न न्यायाचा होतो. मनोऱ्याखालची जमीन संपादित होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, पण तिथे विहीर, घर, उंच झाड यांवर कायमची बंधने येतात. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचवली, ही मोठी सुधारणा आहे. तरीही वाहिनीचा लाभ लाखो ग्राहकांत वाटला जातो आणि भार मोजक्या शेतांवर पडतो. केबलचा जादा खर्च त्याच लाखो बिलांत विभागला, तर तो भार लाभाच्या मागे जातो. म्हणून प्रत्येक मोठ्या वाहिनीच्या आराखड्यात दाट वस्ती, बागायत आणि संवेदनशील जंगल यांतून जाणाऱ्या टप्प्यांसाठी केबलचा पर्याय, त्याचा खर्च आणि संभाव्य विलंबाची किंमत शेजारी शेजारी मांडणे बंधनकारक व्हावे. आणि हा हिशेब मनोऱ्याचा पहिला खड्डा खणण्याआधी ग्रामसभेपुढे यावा. पिरेनीजमध्ये तो फार उशिरा मांडला गेला. आपल्याला तितका उशीर करण्याचे कारण नाही.

(पुढील लेखांकात : एसी-डीसी रूपांतर केंद्र चालते कसे?)