दुधातलं निळं कडं
संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) बघून दर ठरतो. त्याच दुधातून गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेल्लोसिसचा, मागही काढता येतो.

जंतू शिरला की गाईचं शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि ती दुधात उतरतात. अडचण एवढीच, की ती दिसत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत मेलेल्या ब्रुसेला जंतूंना आधीच निळा रंग देऊन ठेवतात. परीक्षानळीत मिलीभर न तापवलेलं दूध, त्यात या जंतूंचा एक थेंब, मग तासभर 37 अंशांची ऊब. प्रतिपिंडं असतील तर ती रंगीत जंतूंना धरतात, स्निग्धकणांना चिकटवतात आणि सायीबरोबर वर आणतात. वर निळं कडं, खाली पांढरं दूध! नसतील तर साय पांढरी, दूध निळसर.

1937 साली जर्मनीत निघालेली ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं (एनआयव्ही) 2020 मध्ये केलेली ‘कोविड कवच एलिसा’ ही प्रतिपिंडं शोधणारी चाचणीही न दिसणारं रंगानंच दाखवते, तिथं रंग विकर आणतं.

मात्र चीक किंवा दगडीचं (कासदाह झालेल्या गाईचं) दूध फसवतं. होमोजिनाइज्ड दुधात साय वर येतच नाही, मग कडं कुठलं? अनेक गाईंच्या एकत्र दुधात कडं आलं, तर प्रत्येकीचं रक्त तपासावं लागतं.