मुशीपासून कोकमापर्यंत

दुसरे महायुद्ध पेटले आणि नॉर्वेहून येणारे कॉड माशाच्या यकृताचे तेल दुर्मीळ झाले. 'अ' जीवनसत्त्वाची नड भागवायला मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या सरकारांनी आपल्याच किनाऱ्यावरच्या मुशीकडे मोर्चा वळवला. कोळ्याच्या जाळ्यात सापडणारा, उग्र वासामुळे अनेकांनी नाक मुरडलेला हा मासा एकाएकी औषधी कच्चा माल ठरला. वडोदऱ्याच्या अलेम्बिकने 'शार्कोफेरॉल'च्या बाटलीतून त्याला घरोघरच्या फडताळात पोचवले. पण 1947 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीत ओटो इस्लर यांनी 'अ' जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची वाट शोधली, आणि पुढच्या दशकात मुशीचे तेल मागे पडत गेले.

जीवनसत्त्वांच्या धंद्यात हे वारंवार घडत आले आहे. गोळी कोण विकतो याची चर्चा फार होते. तिचा कच्चा माल कुठून येतो आणि त्याच्या उगमापर्यंत आपण किती मागे जायचे, या प्रश्नावर मात्र कारखाने तरतात किंवा बुडतात.

'अ'चेच पुढे पाहा. गवती चहाच्या तेलातल्या सिट्रलपासून ते बनवण्याचे तंत्र आले आणि केरळच्या तेलाला ठाण्याच्या औषध कारखान्यांत गिऱ्हाईक मिळाले. मग सिट्रलही पेट्रोरसायनांतून स्वस्त मिळू लागले. आज ते बनवणारे मोठे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतल्याच एका, जर्मनीत लुडविगशाफेन येथील बीएएसएफच्या सिट्रल विभागाला 31 ऑक्टोबर 2017 रोजी आग लागली, तेव्हा 'अ' आणि 'ई' दोन्हींचे भाव जगभर कडाडले. 'क'ची कथा वेगळी नाही. वडोदऱ्याची साराभाई आणि रतलामची जयंत व्हिटॅमिन्स ते देशात बनवत असत. चीनच्या स्वस्त किण्वनापुढे दोन्हींचा टिकाव लागला नाही. 2020 मध्ये औषधाच्या दुकानांत 'क'च्या गोळ्यांसाठी झुंबड उडाली, तेव्हा गोळ्या पाडणारी यंत्रे देशात भरपूर होती, पण पावडरीसाठी नजर चीनकडेच लागलेली होती.

गोव्यात फोंड्याजवळच्या उसगावला याच धंद्याचे दुसरे टोक दिसते. मर्कचा हा कारखाना 2018 च्या जागतिक सौद्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला आणि पुढच्या वर्षी कंपनीचे नावही बदलले. न्यूरोबिऑन, एव्हिऑन, पॉलिबिऑन ही तिची घराघरांत ओळखीची नावे. न्यूरोबिऑन फोर्टच्या एका गोळीत निकोटिनामाइड 45 मिलिग्रॅम आणि बी-12 फक्त 15 मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन हजार पट फरक! चिमूटभर बी-12 सगळे एकदम ओतले तर काही गोळ्यांत ते दुप्पट जाईल आणि काहींत नावालाही नसेल. म्हणून ते आधी थोड्या पावडरीत, मग दुपटीत, मग चौपटीत असे चढत्या मापाने कालवतात. असल्या गोळीत कौशल्य असते ते मिश्रणात.

त्यात कोकणची हवा. जूनपासून मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते, तिथे 'क'सारख्या नाजूक द्रव्याचे काय होणार? दमट हवेत आणि उजेडात जीवनसत्त्वे झिजतात. मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा खरा राहावा म्हणून सुरुवातीलाच थोडे जास्त द्रव्य घालतात, आणि ते किती हे ठरवण्यासाठी गोळ्या 40 अंश सेल्सियस आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासतात. हवा कोरडी करण्याचे वीजबिल टाळून या धंद्यात नफा काढता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याने मात्र वेगळी बाजू धरली. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम वसाहतीत सुप्रिया लाइफसायन्स औषधांची मूळ द्रव्ये बनवते. सतीश वाघ यांनी 1987 मध्ये सुरू केलेल्या या उद्योगाच्या यादीत ॲलर्जी, भूल, दमा यांबरोबर जीवनसत्त्वांचाही गट आहे. आपल्या अनेक उत्पादनांची मधली रसायनेही ती स्वतःच तयार करते. डिसेंबर 2021 मध्ये तिने बाजारातून 700 कोटींची समभागविक्री केली, तेव्हा गुंतवणूकदारांपुढे हाच मुद्दा ठळकपणे मांडला होता. मार्ग महागडा आहे: यंत्रसामग्री जास्त, सांडपाणी जास्त. आणि लोट्याच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. ती हिशेबाबाहेर ठेवून कोणतेही धोरण शहाणपणाचे म्हणता येणार नाही.

राहिले कोकम. चीनकडे बघावे न लागणारा हा आपला कच्चा माल. त्याच्या सालीतले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल वजन घटवण्याच्या गोळ्यांत जगभर विकले जाते. (वजन किती घटते याचे पुरावे यथातथाच आहेत, हेही सांगायला हवे.) दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता'सारखी जात दिली. अडचण वेळेची आहे. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते आणि पहिल्या सरीबरोबर उरलेले झाडावरच वाया जाते. वर्षभराचा माल काही आठवड्यांत गोळा करून वाळवावा लागतो. शिवाय ते आम्ल मोकळे राहिले की रूप बदलते, म्हणून त्याचा कॅल्शियम किंवा पोटॅशियम क्षार करून टिकवतात. रत्नागिरीत कोणाला या धंद्यात उतरायचे असेल, तर पहिली गुंतवणूक वाळवणयंत्रात आणि हे आम्ल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत करावी. जाहिरातीचे त्यानंतर पाहता येईल.