औषधींचे मूळ पाणलोटात

लाकडाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या लकडगंजात बसून वनरक्षणाविषयी लिहावे, हे काहींस विसंगत वाटेल. आम्हांस मात्र ते अगत्याचे वाटते. हिरडा, बेहडा, अर्जुनसाल ही आपली नित्योपयोगी द्रव्ये बहुतांशी वनांतूनच येतात, आणि त्यांची खरेदी करताना भावाखेरीज आपण क्वचितच काही विचारतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय वैद्यवर्गास परिचित आहे. भूमी विरस होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करावा, असा पुनर्वसु आत्रेयांचा अग्निवेशास उपदेश आहे. उदक आणि देश दुष्ट झाल्यावर द्रव्याचे वीर्य कोठून राहणार? हा अध्याय आपण परीक्षेपुरता पाठ केला. पाणलोटाशी त्याचे नाते जोडले नाही.

ते नाते गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने कृतीतून जोडले. श्री. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची अभ्यासू सोबत यांच्या बळावर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेऊन वन राखीत आली आहे. पाण्याच्या ओघळींत बांध घालून गावकऱ्यांनी माती अडविली. माश्या न मारता मध काढण्याची रीत अंगीकारली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला. पालापाचोळ्याखालच्या जमिनीत पाऊस मुरतो, उघड्या उतारावरून तो माती घेऊन धावतो. हे ज्यांना डोळ्यांनी दिसते, त्यांच्याच हाती निर्णय आला.

आता आपल्याकडे वळू. अर्जुन हा ओढ्याकाठचा वृक्ष. त्याची मुळे काठ धरून ठेवतात. सभोवार साल सोलली की झाड वाळते आणि पुढे काठही खचतो. हृद्रोगावरील उत्तम औषध अशा रीतीने ओढ्याच्या मुळावर येते! खोडाच्या एकाच बाजूची, आतला थर शाबूत ठेवून काढलेली साल मिळविणे अशक्य नाही. पण तिला वेळ लागतो आणि त्या वेळेचे मोल खरेदीदाराने द्यावयाचे असते. आवळ्याचेही तसेच. फांद्या तोडून उतरविलेले कच्चे फळ स्वस्त पडते खरे, परंतु पुढील वर्षांचा बहर त्याबरोबरच जातो.

म्हणून औषधनिर्मात्यांनी वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडून थेट खरेदी करावी, असे आम्ही सुचवितो. एकट्या निर्मात्याची मागणी थोडी पडत असेल, तर चार-पाच जणांनी ती एकत्र नोंदवावी. ऋतू, फळाची पक्वता आणि साल काढण्याची पद्धत करारात लिहावी, वाळविण्याची मजुरी वेगळी धरावी आणि काही रक्कम हंगामापूर्वी आगाऊ द्यावी. हातात पैसा नसलेला संग्राहक फळ पिकेपर्यंत थांबू शकत नाही. मात्र वनातून किती काढावयाचे, हे ग्रामसभेनेच ठरवावे. आपल्या मागणीचा आकडा त्यांच्या मर्यादेहून मोठा असल्यास तो आपणच कमी करावा.