दुधी, दुधी आणि पुन्हा दुधी!

"आज मेसला काय आहे रे?"

होस्टेलवर हा प्रश्न रोज दोनदा विचारला जातो. उत्तर ऐकून आजवर कोणी आनंदाने उडी मारल्याचं ऐकिवात नाही, तरीही आपण विचारतोच! कारण पोट तर कशानेही भरतं, पण आज काहीतरी वेगळं असेल ही एक वेडी आशा असते. वजन कमी करायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी नेमकी ही आशा मारून टाकतो. मग दहा-बारा दिवसांत त्याचं डाएटही मरतं.

माझ्या दादाचंच उदाहरण घ्या. तो चाकणला एका कंपनीत आहे. गावाहून आला तेव्हा अगदी काडीपैलवान होता. मग चार वर्षं तीन शिफ्टमध्ये काम, कॉट बेसिसची रूम आणि मध्यरात्री गाडीवरची भुर्जी... पोट कधी सुटलं ते त्यालाही कळलं नाही. गेल्या वर्षीच्या मेडिकल चेकअपमध्ये शुगर बॉर्डरवर आली. आमच्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती, ते आम्ही दोघांनी जवळून पाहिलंय. त्यामुळे दादा चांगलाच घाबरला. डॉक्टरांनी सात-आठ किलो वजन उतरवायला सांगितलं. पठ्ठ्याने दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं : सकाळी ओट्स, दुपारी उकडलेला दुधी, रात्री पुन्हा उकडलेला दुधी. अकराव्या दिवशी सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्याने उभ्या उभ्या तीन वडापाव खाल्ले आणि मला फोन केला, "जाऊ दे रे, आपल्याच्याने नाही होत हे."

आता मी पडलो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी! स्वतःचं एम-थ्री सुटत नसलं तरी दुसऱ्याचा प्रॉब्लेम सोडवायला एका पायावर तयार. म्हणून जरा वाचायला बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी गणित. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 किलोकॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज 550 कमी पडायला हव्यात. एक वडापाव साधारण 300. चार चमचे तेल 180 (एका चमच्यात 5 ग्रॅम, ग्रॅमला 9). चहातली चार चमचे साखर 80. झाली की बेरीज 560! प्रत्यक्षात वजन याहून सावकाश उतरतं, कारण शरीर हलकं होत गेलं की त्याचा खर्चही कमी होतो. पण मुद्दा एवढाच, की यासाठी उपाशी मरायची गरज नाही.

मग दादा फसला कुठे? याचं उत्तर लग्नाच्या पंगतीत आहे. "आता एक घास जाणार नाही" म्हणणारा माणूस जिलबी आली की पुन्हा सरसावून बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये याच गोष्टीचे प्रयोग केले. जो पदार्थ आपण खात असतो त्याची गोडी घासागणिक उतरत जाते, पण न खाल्लेल्या पदार्थाची गोडी जवळजवळ तशीच राहते. चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस दिली तेव्हा लोकांनी एकाच प्रकारापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. म्हणजे विविधता आपल्याला जास्त खायला लावते.

आता हा नियम आपल्या बाजूने वळवायचा. जे जास्त खायचं त्यात विविधता ठेवा, जे कमी खायचं त्यात एकसुरीपणा. आपण करतो नेमकं उलटं! रूमवर शेव, चिवडा, वेफर्स, बिस्किटं असे पाच प्रकार आणि भाजी मात्र रोज तीच. दादाकडे तर भाजी म्हणजे फक्त दुधी, आणि कंपनीच्या गेटबाहेर वडा, भजी, सामोसा, भुर्जी सगळं हजर. हरणारच ना तो!

ताटात काय किती असावं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातल्या 2000 किलोकॅलरीच्या ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत (धान्य आणि डाळी कच्च्या वजनात). आपल्या मेसच्या थाळीत भाताचा डोंगर असतो आणि भाजीची वाटी बोटभर. तिथेच गाडी अडते.

डाळी-उसळींना सोडचिठ्ठी देऊन चालत नाही, याला पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के! काटा सारखा, आतला माल वेगळा. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबीवाले असू शकतो. नुसता दुधी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं हवीत आणि थोडा व्यायामही. काट्यासोबत टेपही वापरा : कमरेचा घेर पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटरच्या वर नको.

आणि बिचाऱ्या बटाट्याला शिव्या घालणं बंद करा! चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध, आणि आपण बटाटा म्हटला की घाबरतो. 1995 मध्ये सिडनीत सुसाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ सारख्या कॅलरीत खायला देऊन कशाने पोट जास्त भरतं ते मोजलं. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा. पांढऱ्या पावाला 100 गुण तर बटाट्याला 323! 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात जेमतेम 85-90 किलोकॅलरी असतात. त्याचेच वेफर्स केले की 100 ग्रॅमला पाचशेच्या वर. गुन्हेगार कढई आहे, बटाटा नाही.

मग रोजच्या जेवणात चव आणायची कशी? आपल्या आज्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चव तेलातच असते असं थोडंच आहे? ती मिरचीच्या ठेच्यात, लसणात, लिंबात, आमसुलात, चिंचेत आणि काळ्या मसाल्यातही असते. जवसाची आणि कारळ्याची कोरडी चटणी फ्रिजशिवाय कितीतरी दिवस टिकते. चमचाभर घेतली की फिकी भाजीही ताळ्यावर येते. (वाटीभर नको, तेलबियाच आहेत त्या!) पिंपरीच्या मंडईत शेपू, चाकवत, माठ, आंबाडी पालटून पालटून मिळतात. भाकरीही ज्वारी, बाजरी, नाचणी अशी बदलता येते.

एकटी मटकीच घ्या. सोमवारी उसळ, बुधवारी कांदा-टोमॅटो घालून कोशिंबीर, शुक्रवारी दह्यातली, रविवारी मिसळ. फक्त तर्री वरून काढा आणि फरसाण मुठीऐवजी चिमूटभर. मोड रूमवरही येतात : मटकी रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड तयार. मग मेसच्या मावशींकडून वाफवून घ्या, कच्चे नकोत. रेक्टर सर, यात हीटर कुठेही लागत नाही याची नोंद घ्यावी!

मेस कमिटीसाठीही दोन मागण्या आहेत, खर्च फारसा नाही. रोज एक कोशिंबीर, पण ती रोज वेगळी : काकडी, गाजर, बीट, मुळा, कोबी. आणि आठवड्यातून तीनदा वेगवेगळ्या कडधान्याची उसळ, तेलाचा तवंग नसलेली. भात कमी करा असं म्हणायचीही गरज नाही, वाटीत रंग आला की भाताचा डोंगर आपोआप खचतो. एक मात्र सांगतो : ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये.

दादाचं काय झालं? आईने गावाहून कारळ्याची चटणी पाठवली, त्याने रूममेटबरोबर वर्गणी काढून कुकर घेतला. पाच महिन्यांत सहा किलो उतरलंय. शुगर सध्या काबूत आहे. शनिवारी एक वडापाव ठरलेला असतो. एकच, आणि तो मजेत बसून खातो.

परवा त्याच्या रूमवर गेलो तर ताटात... दुधी! पण चण्याची डाळ घातलेला, लसणाची फोडणी दिलेला, शेजारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा.

मी म्हटलं, "पुन्हा दुधी?"

दादा म्हणाला, "आज दुधी. उद्या नाही."