उभी गाडी आधी हाताने फिरवा

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात गेलात तर ती पिवळी रोल्स-रॉईस निवांत पाहा. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली ही 1912 ची सिल्व्हर घोस्ट, मागे चक्क सिंहासनासारखं आसन! गाडी येण्याआधीच, 1911 मध्ये, निजाम वारले. पुढे ती फारच थोडी चालली.

पण ‘कमी चाललेली म्हणजे चांगली’ हे मला पटत नाही. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरचे जेट बुजवतो, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आतून गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. म्हणून जुनी गाडी दारात आली की लगेच स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि मग इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर नको, आणखी तेल, आणखी वेळ.

जुनी गाडी डिझेल पिकअप असेल, तर तिचा शत्रू पाणी. पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यात पाणी शिरलं की ते वंगण कमी पडतं. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचं पाणी वरचेवर काढा. फिल्टर बदलला की हँड प्रायमरने लाइनमधली हवा आधी काढा.

आणि कागदपत्रं! 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. तेव्हा घरातल्या जुन्या गाडीचा एकही मूळ भाग भंगारात देऊ नका.