आवड वेगळी की गोंधळ वेगळा?

दलदलीला, पाणपक्ष्यांना बाजारभाव नसतो. म्हणून चॉइस मॉडेलिंग करणारे लोकांनाच विचारतात: पाणपट्टी इतकी वाढली, पाणथळ इतकी वाचली, रोजगार इतका घटला, तर कोणता पर्याय घ्याल? उत्तरांवरून प्रत्येक गोष्टीचं वजन काढतात. मात्र दोन गावांची वजनं वेगळी आली, म्हणजे आवडही वेगळीच असते का?

१९९३ मध्ये जोफ्रे स्वेट आणि जॉर्डन लुव्हिएर यांनी या प्रश्नाची नस पकडली. ही वजनं ज्याने काढतात त्या लॉजिट मॉडेलमध्ये आवडीचं वजन सुटं मिळतच नाही. ‘स्केल’ने गुणलेलं मिळतं. उत्तरांत गोंधळ जास्त असला की स्केल लहान होतं आणि सगळी वजनं एकदम आक्रसतात. म्हणून आधी स्केल मोकळं सोडून वजनं सारखी आहेत का ते तपासायचं, आणि ती सारखी ठरली तरच स्केलची तुलना करायची. त्याआधी आवडीतले म्हणून नोंदलेले कितीतरी फरक निव्वळ गोंधळाचे असणार, असं मला वाटतं.

ऑस्ट्रेलियात मार्क मॉरिसन, जेफ बेनेट, रसेल ब्लेमी आणि लुव्हिएर यांनी मॅक्वारी मार्शेस आणि ग्वायडिर या पाणथळींवर अशा कसोट्या लावल्या. सिडनीकरांना विचारलं, ग्वायडिरजवळच्या मोरी गावालाही विचारलं. २००२ च्या त्यांच्या निबंधात एका पाणथळीसाठी काढलेलं मोल दुसरीला लावणं त्यातल्या त्यात जमलं. एका लोकसमूहाचं दुसऱ्याला लावताना चूक वाढली. यात नवल नाही. पाणी पाणथळीला सोडलं तर सिंचनावरचा रोजगार मोरीचा जातो, सिडनीचा नाही.

पैशातलं मोल म्हणजे दोन वजनांचा भागाकार: त्या गोष्टीचं वजन भागिले पाणपट्टीचं वजन. त्यात स्केल कटून जातं. पण दोन ठिकाणच्या मोलाच्या अंदाजांचे ९५ टक्के खात्रीचे पट्टे एकमेकांवर चढले की ‘फरक नाही’ म्हणायची सवय होती, आणि ती चुकीची होती. २००५ मध्ये ग्रेगरी पो, केली जिरो आणि जॉन लूमिस यांनी सरळ वाट दाखवली: इकडचे १,००० अंदाज, तिकडचे १,०००, प्रत्येक जोडीची वजाबाकी, आणि त्या १० लाखांपैकी शून्याखाली किती गेल्या ते मोजायचं.

त्याच वर्षी क्रिस्टोफरसन आणि नाव्रुद यांनी कसोटीच उलटी केली. नमुना लहान असला तर फरक असूनही सापडत नाही; म्हणून एका जागचं मोल दुसरीकडे उसनं घेणाऱ्याने किती टक्के चूक चालेल ते आधी सांगावं आणि चूक त्याच्या आत आहे हे सिद्ध करावं. मला हीच कसोटी सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण उसन्या आकड्यावर नदीचं पाणी वाटलं जातं तेव्हा पुरावा देण्याची जबाबदारी आकडा आणणाऱ्याचीच असायला हवी.